माइटर स्क्वेअर ते गोल्स्टन स्ट्रीट

रविवारी सकाळी लंडनच्या ऑल्डगेट स्टेशनला उतरले आणि थेट माइटर स्क्वेअर गाठला. 30 सप्टेंबर 1888च्या पहाटे, पावणेदोनच्या सुमारास, गस्तीवरच्या पोलिसाला इथेच कॅथरीन एडोजचं प्रेत दिसलं. जॅक द रिपर या अज्ञात खुन्याच्या नावावर सहसा धरल्या जाणाऱ्या पाच खुनांपैकी हा चौथा.

तिच्याजवळच्या वस्तूंची पोलिसांनी केलेली यादी मी येताना पुन्हा वाचली होती. चहाची डबी, साखरेची डबी, मातीच्या दोन चिलिमी, एक लाल हातमोजा, फडकी. बाईचा अख्खा संसार अंगावर! आणि जिच्यावरच्या डीएनएमुळे 2014 मध्ये खुनी सापडल्याचा गाजावाजा झाला, ती एडोजची म्हणून दाखवलेली शाल या यादीत नाहीच. माझ्यापुरता तो विषय तिथेच मिटतो.

तिथून गोल्स्टन स्ट्रीट रमतगमत दहा मिनिटांवर. पेटिकोट लेनचा बाजार भरला होता; खुनाच्या दिवशीही रविवारच होता. त्या पहाटे 2:55ला शिपाई आल्फ्रेड लाँगला इथल्या एका दारात रक्ताने ओला झालेला ॲप्रनचा तुकडा मिळाला. प्रेतावर उरलेल्या ॲप्रनला एक ठिगळ होतं. डॉक्टरांनी दोन्ही तुकडे जोडून पाहिले, तर शिवण शिवणीला जुळली. याला म्हणायचं पुरावा. खुनी या बाजूला आला, एवढं ती शिवण सांगते.

तुकड्याच्या वर भिंतीवर खडूने ज्यूंबद्दल एक वाक्य लिहिलेलं होतं. शेजारी उभा असलेला एक गाइड त्याच्या घोळक्याला ठासून सांगत होता, हे खुन्याचंच अक्षर. कशावरून? लाँगच्या म्हणण्याप्रमाणे 2:20ला तुकडा तिथे नव्हता. पण खडूची अक्षरं आदल्या दिवशीची नव्हती, हे कोण सांगणार? मला फार राग आला. पोलिसांनी उतरवून घेतलेल्या नकलाही जुळत नाहीत; ‘नाही’ हा शब्द एकात एका जागी, दुसऱ्यात दुसऱ्या. त्या एका शब्दाने अर्थ फिरतो.

फोटो काढला असता तर वाद उरला नसता. पण उजाडलं की बाजार भरणार, लोक वाचणार आणि वस्तीतल्या ज्यूंवर धावून जाणार, ही पोलीस आयुक्त चार्ल्स वॉरनना धास्ती. ती खोटी नव्हती, आधीच्या खुनांनंतर वातावरण तापलेलंच होतं. तरी फक्त वरची ओळ पुसा, असं सुचवणारे होते. साडेपाचच्या सुमारास सगळंच पुसलं गेलं.