आमची वाटचाल : नोट प्रेसच्या गावातलं जुन्या नोटांचं दुकान

आमच्या अण्णांनी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये 31 वर्षं नोकरी केली. दिवसभर हातांखालून नोटांचे ताव जायचे आणि आत शिरताना एकदा, बाहेर पडताना एकदा झडती व्हायची. हौस म्हणून त्यांनी एकही नोट कधी बाजूला ठेवली नाही. "आमच्यासाठी तो माल. मोजून घ्यायचा, मोजून द्यायचा," एवढंच म्हणायचे. त्यामुळे मी जुन्या नोटांचं दुकान काढतोय म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "पैसे देऊन पैसे कोण घेणार?"

सुरुवात मात्र नोटांच्या दुकानाने झाली नाही. 1994 साली स्टेशनजवळच्या दहा बाय बाराच्या गाळ्यात मी स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं. त्याच वर्षी एक रुपयाच्या नोटेची छपाई थांबली. मी गल्ल्यात आलेली एकेक नोट वेगळी काढू लागलो आणि पंधरा दिवसांत लक्षात आलं, की त्यांच्यावरच्या सह्या सारख्या नाहीत. अण्णांनी जेवता जेवता समजावलं. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसते, भारत सरकारची असते. म्हणून तिच्यावर गव्हर्नरची नव्हे, वित्त सचिवाची सही असते आणि धारकाला रक्कम अदा करण्याचं वचनही तिच्यावर नसतं. मग शोधता शोधता कळलं, की डॉ. मनमोहन सिंग यांची सही दोन्हीकडे सापडते. आधी वित्त सचिव म्हणून एक रुपयावर, आणि 1982 ते 1985 या काळात गव्हर्नर म्हणून मोठ्या नोटांवर. रोज हाताळलेल्या कागदावर एवढं काही लिहिलेलं असतं आणि आपण ते वाचतच नाही, हे जाणवलं तिथे मी कायमचा अडकलो.

पहिली मोठी खरेदी 1999 ची. मुंबईत फोर्टातल्या एका जुन्या व्यापाऱ्याकडून 1917 ची एक रुपयाची नोट घेतली. दुकानाचा जवळजवळ महिन्याचा नफा तिच्यात गेला. पहिल्या महायुद्धात चांदी मिळेनाशी झाली, रुपयाची नाणी पाडणं अवघड झालं, म्हणून सरकारने 30 नोव्हेंबर 1917 रोजी ही नोट काढली. कागदाच्या रुपयावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून की काय, तिच्यावर पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचं चित्रच छापलेलं आहे. घरी आणल्यावर अण्णांनी ती दिव्यासमोर धरली, कडा बघितल्या आणि म्हणाले, "ही आपल्याकडची नाही." बरोबरच होतं. नाशिकला नोटा छापायला सुरुवात झाली 1928 पासून. त्याआधीच्या सगळ्या इंग्लंडातून जहाजाने यायच्या. त्या दिवसापासून अण्णांचा विरोध संपला. तोंडाने कबूल त्यांनी केलं नाही, पण दुसऱ्याच दिवशी स्वतःचं भिंग मला आणून दिलं.

2003 मध्ये दुकानात काचेचं एक कपाट केलं. 2008 मध्ये झेरॉक्स मशीन विकलं आणि पूर्णवेळ याच धंद्यात उतरलो. हिशेब माझी पत्नी पाहते. पहिली दोन वर्षं घर तिच्या शिकवण्यांवर चाललं, हे इथे लिहायलाच हवं.

आता आमच्या हातून झालेली मोठी चूक. 2006 पासून आम्ही स्वतःच्या नावाचे अल्बम बनवून घेत होतो. मऊ, चकचकीत, स्वस्त प्लॅस्टिकची पाकिटं होती, भरपूर खपली. 2010 च्या पावसाळ्यानंतर इगतपुरीचे एक निवृत्त गुरुजी आले आणि काही न बोलता त्यांनी अल्बम काउंटरवर उघडला. पाकिटं तेलकट झाली होती. नोटा आतून चिकटल्या होत्या आणि बाहेर काढताना त्यांचा रंग प्लॅस्टिकवर राहत होता. तो पीव्हीसी होता. हे प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि कागद व शाई दोन्ही खातं. पुरवठादाराने फसवलं असं मी म्हणणार नाही; प्लॅस्टिक कोणतं, हे मी विचारलंच नव्हतं. गुरुजींची बावीस वर्षांची जमवाजमव होती. अल्बमचे पैसे परत केले, पण त्याने काय होणार होतं? पुढची दोन वर्षं जिथे जाईन तिथे त्यांच्या यादीतल्या नोटा शोधत राहिलो आणि मिळाल्या तेवढ्या त्यांना नेऊन दिल्या. सगळ्या मिळाल्या नाहीत. बिलबुकं काढून, फोन करकरून इतर ग्राहकांचे अल्बमही परत मागवले. तेव्हापासून आम्ही फक्त पॉलिएस्टरची पाकिटं विकतो. महाग पडतात, कडक असतात, पण नोटेला त्रास देत नाहीत.

याच अनुभवातून येणाऱ्या प्रत्येकाला काही गोष्टी सांगतो. नोट लॅमिनेट करू नका. इस्त्री करू नका, धुऊ नका, फाटली तरी सेलोटेप लावू नका. पिनची भोकं असली तर असू द्या. पूर्वी बँकांत गड्ड्यांना तारेच्या पिना मारत, ती भोकं त्या काळाचाच भाग आहेत. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी अल्बम चाळा. कसर लागते ती न उघडलेल्या अल्बमला.

दुकानाचा एक नियम ठरलेला आहे. कुणी नोट विकायला आणली, की ती काय आहे हे आधी सांगायचं, भाव त्यानंतर. हा नियम परभणीकडच्या एका आजींमुळे पक्का झाला. नातवाबरोबर आल्या होत्या. पत्र्याच्या पेटीत निजामाच्या नोटांची चळत होती आणि नातवाला ती रद्दीत द्यायची होती. त्या उस्मानिया सिक्क्याच्या, म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या स्वतःच्या चलनाच्या नोटा होत्या. या चलनाला हाली सिक्काही म्हणत; त्याचे सात रुपये म्हणजे इंग्रजी सहा, असा तेव्हाचा हिशेब. मराठवाडा त्या राज्यात असल्यामुळे नोटेवर उर्दू, तेलुगू, कानडीबरोबर मराठीतही रक्कम लिहिलेली आहे. मी ती ओळ आजींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "आमच्या मालकांनी पोलिस ॲक्शनच्या आधी कापूस विकला, त्याचे हे पैसे." त्यांना दहा रुपये सांगितले असते तरी त्या देऊन गेल्या असत्या. आम्ही प्रत्येक नोटेचा भाव कॅटलॉग उघडून समोर मांडला. त्यांनी बाकीच्या विकल्या आणि एक परत पेटीत ठेवली. त्या एका भेटीनंतर मराठवाड्यातून आमच्याकडे किती लोक आले, सांगता येणार नाही.

कधी हाच नियम लोकांना आवडत नाही. गेली काही वर्षं दर आठवड्याला कुणीतरी ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट घेऊन येतं, कारण मोबाइलवर कुणीतरी तिचे लाखो रुपये मिळतात असं सांगितलेलं असतं. सिन्नरकडचे एक शेतकरी काका एसटीने आले होते. फोनवरच्या माणसाने सात लाख कबूल केले होते आणि त्याआधी 'नोंदणी'चे म्हणून थोडेथोडे करत साडेआठ हजार काढून घेतले होते. आता 'कर' म्हणून आणखी मागत होता. मी त्यांना खाली बसवलं, चहा दिला आणि आमच्या डब्यातल्या तशाच ट्रॅक्टरच्या नोटांची गड्डी समोर ठेवली. ती पाहून ते बराच वेळ गप्प राहिले. मग पोलिसांत तक्रार द्यायला मीही बरोबर गेलो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की बँक अशा व्यवहारांत पडत नाही, कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तिच्या नावाने ते मागायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. ते पत्रक मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दारावर लावलं आहे. नोट दुर्मीळ ठरते ती कमी छापली गेली, कमी उरली आणि चांगल्या स्थितीत उरली म्हणून. चित्रामुळे किंवा जुनेपणामुळे नाही.

आमच्या गावाने दिलेला खास ठेवाही आहे. फाळणीनंतर पाकिस्तानकडे स्वतःच्या नोटा नव्हत्या, तेव्हा इथे छापलेल्या भारतीय नोटांवरच इंग्रजीत आणि उर्दूत 'पाकिस्तान सरकार' असं जास्तीचं छापून त्या 1948 मध्ये तिकडे चालवल्या गेल्या. देवळाली कॅम्पातल्या एका सिंधी कुटुंबाकडे अशी दहाची नोट निघाली. त्यांचे आजोबा त्याच वर्षी कराचीहून आले होते. नाशिकहून निघालेली नोट कराचीला जाऊन माणसाबरोबर पुन्हा नाशिकला आली होती. ती त्यांनी विकली नाही, आणि विकू नका असंच मीही सांगितलं होतं. आम्ही तिला फक्त चांगलं पाकीट दिलं.

आणि चिंतामणराव देशमुखांची सही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1943 मध्ये झालेले, आपल्या रायगड जिल्ह्यातले. नोटेवर चित्र इंग्लंडच्या राजाचं आणि खाली सही देशमुखांची, असा तो काळ. नवीन मराठी संग्राहकाला मी पहिली नोट हीच सुचवतो. मध्यम स्थितीतली परवडते आणि ती हातात घेतल्यावर माणूस सरळ बसतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

2016 च्या नोटाबंदीनंतर काही महिने फार गोंधळाचे गेले. लोक पाचशे-हजारच्या गड्ड्या घेऊन यायचे. आम्ही एकही घेतली नाही. 2017 च्या कायद्याने त्या नोटा दहापेक्षा जास्त बाळगता येत नाहीत; अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत मुभा आहे. हे तेव्हाही सांगायचो, अजूनही सांगावं लागतं.

परदेशी नोटांचा विभाग मुलीने वाढवला. रविवारी सकाळी ती शाळेच्या मुलांना बसवून नोटा दाखवते. झिंबाब्वेची शंभर ट्रिलियन डॉलरची नोट, एकावर चौदा शून्यं, मुलं बोट ठेवून मोजतात. मग ती 1946 ची हंगेरीची नोट काढते. त्या नोटेची रक्कम एकावर वीस शून्यं एवढी, पण छापलीय नुसत्या अक्षरांत. "एवढे पैसे असून ते लोक गरीब कसे?" असं एका मुलाने विचारलं होतं, त्या रविवारी महागाईवरच दीड तास गेला. गोव्याच्या पोर्तुगीज नोटांवर 30 आणि 60 असे विचित्र आकडे का, हेही मुलं स्वतः सोडवतात : 1959 मध्ये रुपिया जाऊन एस्कुदो आला तेव्हा एका रुपियाचे सहा एस्कुदो धरले, म्हणून पाचाचे तीस आणि दहाचे साठ. या मुलांना आम्ही महाग काही विकत नाही. पंधरा-वीस रुपयांच्या परदेशी नोटांचा एक डबा त्यांच्यासाठी वेगळा ठेवला आहे.

अण्णा आता 84 वर्षांचे आहेत. दुपारी चारला दुकानात येतात, नवीन आलेला माल भिंगाखाली बघतात आणि नाशिकच्या छपाईचा असेल तर पाकिटावर पेन्सिलने बारीकशी खूण करतात. ती खूण का, हे ग्राहक विचारतात.

दुकान सोमवारी बंद असतं. घरात जुन्या नोटा सापडल्या तर जशा असतील तशाच आणा. घडीत असतील तर घडीतच. उलगडायचं काम आमच्याकडे सोडा. नोट काय आहे हे सांगण्याचे आम्ही पैसे घेत नाही.