आमची वाटचाल: दुरुस्तीच्या स्टँडपासून सायकल विक्रीपर्यंत

आमचा धंदा सुरू झाला तो दुरुस्तीचा. विकायला सायकल एकही नव्हती. एक स्टँड, पान्यांचा संच, पंप, पंक्चरचं सामान आणि पाण्याचं घमेलं, एवढ्यावर मी आणि माझा भागीदार दिवसभर बसायचो. माल भरण्याएवढं भांडवल नव्हतं. त्यामुळे दुसऱ्यांनी विकलेल्या सायकली वर्षभरात कशा होतात, हे आम्हाला रोज उघडून बघायला मिळालं.

त्यात एक ठरलेलं गिऱ्हाईक असायचं. चाळिशीच्या आसपासचा माणूस, शाळा सुटल्यापासून सायकलला हात न लावलेला. डॉक्टरांनी वजनावरून नाहीतर शुगरवरून टोकलेलं असायचं, म्हणून उत्साहाने सायकल घेतलेली. सायकल कशी, तर जाड खडबडीत टायरची, पुढे-मागे शॉकअप, एकवीस गिअर. वापर थोडा आणि धूळ जास्त. तक्रार एकच: "जड चालते हो."

ती खरोखरच जड चालायची. स्टँडवर चढवतानाच हाताला कळायचं, सोळा-सतरा किलोंचं धूड. चांगल्या शॉकअपमध्ये स्प्रिंगची उसळी आवरायला तेलाची सोय असते. स्वस्तातल्यात नुसती स्प्रिंग असते. चढावर उभं राहून पेडल मारलं की पायातला जोर आधी ती स्प्रिंग दाबण्यात जातो आणि उरलेला चाकाला मिळतो. वर खडबडीत टायरची डांबरी रस्त्यावर घरघर. सकाळी तीन-चार किलोमीटरमध्ये दम काढणारी सायकल महिनाभरात भिंतीला टेकते, त्यात त्या माणसाच्या जिद्दीचा काही दोष नाही.

पुढे थोडे पैसे जमले आणि विक्री सुरू करायचं ठरलं, तेव्हा आमच्या दोघांत पहिला वाद याच सायकलींवरून झाला. भागीदाराचं म्हणणं, शॉकअपवाल्या सायकली हातोहात खपतात, काचेत एक तरी उभी करू. माझं म्हणणं, ती परत याच स्टँडवर येणार आणि शिव्या आपण खाणार. शेवटी नियम ठरला: व्यायामासाठी घ्यायला आलेल्या माणसाला पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारी दुबेळकी, साधाच, शॉकअपविना असलेली सायकल दाखवायची. सुरुवातीला बरीच गिऱ्हाइकं "यात शॉकअप नाही?" एवढं विचारून पाठ फिरवायची. भागीदार माझ्याकडे बघायचा, मी हिशोबाच्या वहीकडे.

शॉकअप नाही तर धक्के कोण झेलणार, हा प्रश्न रास्त आहे. टायर झेलतो. डनलॉपने १८८८ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ते काम टायरच करतोय. पस्तीस ते बेचाळीस मिलिमीटर रुंदीचा टायर आणि त्यात बेताची हवा असेल तर खराब रस्त्यावरही हात बधिर होत नाहीत. किती हवा भरायची याची मर्यादा टायरच्या कडेला छापलेली असते. त्या मर्यादेत हलक्या माणसाने कमी भरावी, वजनदार माणसाने जास्त. आणि पुढच्यापेक्षा मागच्या चाकात थोडी जास्त, कारण बरंचसं वजन मागे पडतं. टायर कडक म्हणजे सायकल चांगली, या समजुतीने लोक टायर दगडासारखा करतात आणि मग सीटला नावं ठेवतात.

आम्ही जी सायकल सर्वांत जास्त विकतो तिला बाजारात हायब्रिड म्हणतात. सरळ हँडल, ७०० सी या मापाची चाकं, मध्यम रुंदीचे टायर, वजन साधारण बारा ते चौदा किलो. नावावर मात्र जाऊ नका. हायब्रिड लिहिलेल्या कित्येक सायकलींनाही तीच स्वस्त स्प्रिंग लावलेली असते. मी गिऱ्हाइकाला खाली वाकून दोन गोष्टी बघायला लावतो. एक, चिमट्यात आणि मागच्या फ्रेममध्ये टायरच्या बाजूला किती जागा उरते; जागा असेल तर पुढे हवा तसा रुंद टायर बसवता येतो. दुसरी, मागच्या अ‍ॅक्सलजवळ मडगार्ड आणि कॅरिअरचे बोल्ट बसतील अशी आट्यांची भोकं आहेत की नाहीत. ही दोन भोकं वर्षानुवर्षं उपयोगी पडतात. ज्यांनी कॅरिअर लावलं, ते सायकलने भाजी आणतात, ऑफिसला जातात, आणि त्यांची चेन झिजून आमच्याकडे येते. नुसत्या व्यायामासाठी घेतलेल्या सायकलीची चेन सहसा गंजून येते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की ते मध्यम श्रम. कामाला येता-जाता रोज पंधरा-पंधरा मिनिटं पेडल मारणाऱ्याची ही मिनिटं पाच दिवसांत नकळत भरतात.

ज्यांच्याकडे आधीच जाड टायरची सायकल आहे, त्यांना नवीन घेऊ नका असंच सांगतो. मागे शॉकअप नसेल आणि फ्रेम मापाची असेल, तर सपाट नक्षीचे अरुंद टायर चढवले की ती निम्मी बदलते. टायर घेताना कडेला छापलेले आकडे बघायचे, उदाहरणार्थ ३७-६२२. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचं माप, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २९ इंची म्हणून विकली जाणारी चाकं आणि ७०० सी ची चाकं, दोन्हींची रिम ६२२ चीच. २७.५ ची ५८४ आणि माउंटन बाइकच्या २६ इंचीची ५५९. हे माहीत नसल्याने लोक चुकीचा टायर घेऊन येतात आणि तो चढत नाही म्हणून आम्हाला दोष देतात. टायर बदलण्यात आम्हाला काय मिळतं, असं भागीदार अजूनही विचारतो. मिळतं थोडंच, पण ती माणसं पुढे भावाला, शेजाऱ्याला घेऊन येतात.

गिअरच्या संख्येवरून तर आम्ही वाद घालणंच सोडलं. पुढे तीन, मागे सात म्हणून एकवीस. त्यातले बरेचसे एकमेकांसारखेच. बघायचं ते एवढंच की सर्वांत हलका गिअर किती हलका आहे. पुढचं लहान चक्र २८ दात्यांचं आणि मागचं मोठं चक्रही २८ चं असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा, म्हणजे ७०० सी चाकावर जवळजवळ २.२ मीटर. पुढे ४८ आणि मागे १४ लावलं तर एका फेऱ्यात साडेसात मीटर. वजन कमी करायला निघालेल्या माणसाला चढावर पहिला लागतो, दुसरा नाही. मागे ३२ किंवा ३४ दाते मिळाले तर आणखी बरं. पुढे एकच चक्र आणि मागे आठ, अशी सायकल नव्या माणसाला समजायलाही सोपी. पेडल मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे सहज फिरलं पाहिजे. जड गिअरमध्ये कुंथत चालवण्याने व्यायाम जास्त होत नाही, गुडघे तेवढे बोलायला लागतात.

वजनदार गिऱ्हाइकाला मी आणखी एक गोष्ट आवर्जून दाखवतो, कारण ती बाहेरून दिसत नाही. स्वस्त गिअरच्या सायकलींत मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी फिरवून बसवायचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, असतं. त्यात उजव्या बाजूची बेअरिंग बरीच आत राहते आणि अ‍ॅक्सलचं टोक आधाराविना बाहेर येतं. वाकलेले, मोडलेले असे अ‍ॅक्सल आमच्याकडे डबाभर साठलेत. कुणी विश्वास ठेवला नाही तर डबा पुढे ठेवतो. कॅसेटमध्ये चक्रं हबच्या खाचांवर सरकवून बसवतात; तिच्या हबमध्ये उजवी बेअरिंग टोकाजवळ असते, त्यामुळे अ‍ॅक्सल तग धरतो. बजेट थोडं ताणायचंच असेल तर ते इथे ताणावं, आणि दुहेरी भिंतीच्या रिमवर. निर्मात्याने किती वजनाची मर्यादा दिली आहे तीही विचारावी. विचारायला लाजण्यासारखं त्यात काही नाही.

ब्रेकबद्दल थोडक्यात: पावसात किंवा मोठ्या उतारावर रोज जायचं असेल तर डिस्क, एरवी रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे साधे व्ही-ब्रेक पुरतात. ब्रेक शू कुठेही मिळतात आणि घरी बदलता येतात.

आता मापाचं. विक्री सुरू झाल्यावर सर्वांत जास्त वेळ यात जायला लागला, आणि भागीदाराने ते काम हळूहळू पूर्णपणे स्वतःकडे घेतलं. एक ताई आल्या होत्या, दुसरीकडून घेतलेली सायकल विकून टाकायला. म्हणाल्या, "गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, सायकल मला मानवत नाही." भागीदाराने त्यांना भिंतीला हात टेकून सीटवर बसवलं. गुडघे हँडलपाशी येत होते. सीट का खाली केली, विचारलं तर, "बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकायला हवेत ना!"

"ताई, पाय टेकायचे ते थांबल्यावर, सीटवरून पुढे उतरून. आता पेडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा." पाना फिरवत त्याने सीट वर घेतली, टाच टेकून पाय जेमतेम सरळ होईपर्यंत. मग पाऊल मागे घेऊन पंजा पेडलवर ठेवायला सांगितलं. गुडघ्यात हलका बाक आला. सीट चांगली चार बोटं वर गेली होती. थांबताना सीटवरून सरकून पुढे उभं कसं राहायचं, हे तो त्यांना मोकळ्या जागेत पुन्हा पुन्हा करायला लावत होता. सायकल त्यांनी विकली नाही. आमची कमाई शून्य, पण तेव्हापासून सीट लावल्याशिवाय सायकल दाराबाहेर काढायची नाही, हा दुसरा नियम झाला.

सीट वरखाली करता येते, फ्रेम वाढवता येत नाही. हँडल आणि सीट यांच्यामधली वरची नळी दोन पायांमध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभं राहिल्यावर अंगाखाली दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. पाय उंच टाकून बसणं जमत नसेल तर ही नळी खाली उतरती असलेली फ्रेम घ्यावी. तिला बायकांची सायकल समजून नाक मुरडणारे पुरुष पाठदुखी सुरू झाली की तीच मागतात.

जुन्या सायकली घेऊन ओव्हरहॉल करून विकणं, हा आमच्या धंद्याचा तिसरा भाग. हात आखडता असेल तर मी हाच मार्ग सुचवतो. सायकलचा सांगाडा १८८५ च्या रोव्हरपासून मुळात तोच आहे, चार-पाच वर्षं जुनी फ्रेम काही कालबाह्य होत नाही. हँडलखालच्या जोडाजवळ रंगाला सुरकुती किंवा भेग असेल तर सायकल कितीही चकाचक असो, सोडून द्यावी. सीटची नळी गंजून अडकलेली नाही ना, हे पैसे देण्याआधी फिरवून बघावं. चाक उचलून फिरवावं. थोडा आउट, म्हणजे फिरताना चाकाचं डुलणं, असेल तर तो निघतो, रिमला पोचा असेल तर नाही. चेन मोजायला पट्टी पुरते. नव्या चेनच्या चोवीस पिनांचं अंतर, म्हणजे एका पिनेपासून पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंत, ३०४.८ मिलिमीटर भरतं. दीड मिलिमीटर वाढलं तर चेन बदलायची, तीन वाढलं तर बहुधा मागची चक्रंही गेलेली असतात आणि किमतीत तेवढी घासाघीस करायची.

नवी असो वा जुनी, सगळे पैसे सायकलीत घालू नका. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप आणि घरचा एक पंप, एवढं आधी बाजूला काढा. सायकल नेल्यावर महिनाभराने एकदा परत आणावी लागते. केबल सैल पडतात, स्पोक बसतात, गिअर खडखडायला लागतात. हे काम आम्ही विकलेल्या सायकलीचं फुकट करतो, तरी निम्मे लोक येत नाहीत. त्यांना आता फोन करतो.

सध्या चाचणीसाठी तीन मापांच्या सायकली वेगळ्या ठेवल्या आहेत. दुकानाबाहेर एक चक्कर मारून कुणालाच काही कळत नाही, म्हणून तासभरासाठी देतो. वाटेत एखादा चढ घ्या. येताना नेहमी सायकलवर घालणार तेच बूट घाला, सीटची उंची त्यांवरच ठरते.