मुलाखत पास, पीएफची तारीख नापास

नोकरी कशी शोधावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. रिझ्युमे दोन पानांत बसवा, लिंक्डइनवर हसरा फोटो लावा, मुलाखतीला जरा आधी पोचा. हे सगळं मी केलं आणि त्याचा उपयोगही झाला. पण नोकरी शोधायला बसण्याआधी पीएफच्या पोर्टलवर जा, ‘व्ह्यू’ मधली ‘सर्व्हिस हिस्ट्री’ उघड आणि जुन्या कंपनीने तुझी सोडल्याची तारीख काय टाकलीये ते बघ, हे मला एकानेही सांगितलं नाही. म्हणून मी आधी तेच सांगते. आत्ताच बघा, बाकीचं मग वाचलंत तरी चालेल.

माझं थोडक्यात असं. मेकॅनिकलचा डिप्लोमा. 2016 मध्ये भोसरी एमआयडीसीतल्या एका मशिनिंगच्या कंपनीत क्वालिटीला लागले. 2019 च्या जूनअखेर ती सोडली आणि जुलैत चिंचवडला दुसरीकडे रुजू झाले. तिथे बरीच वर्षं काढली. फर्स्ट पीस तपासा, रिजेक्शनचा ढीग मोजा, कस्टमरची कम्प्लेंट आली की रात्री जागून एट-डी भरा, म्हणजे चूक का झाली आणि ती कशी सुधारली याचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट. करिअर प्लॅनिंग वगैरे म्हणतात ते माझ्यापुरतं फार साधं होतं. थर्ड शिफ्ट नको. आणि कस्टमरकडून जो माणूस आमच्याकडे ऑडिटला येतो, चहा पीत पीत फाईल चाळतो आणि जाताना पानभर एनसी, म्हणजे नियमात न बसलेल्या गोष्टींची यादी, देऊन जातो, त्याच्या खुर्चीत मला बसायचं होतं. म्हणजे सप्लायर क्वालिटी.

पहिले काही आठवडे मी कुठेच अर्ज केला नाही, फक्त जाहिराती वाचल्या. चाकण, तळेगाव, रांजणगाव इथल्या सप्लायर क्वालिटीच्या. पीपॅप (नवा पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची कागदपत्रं), एपीक्यूपी (नव्या पार्टच्या क्वालिटीचं आधीच केलेलं प्लॅनिंग), एमएसए (मोजमाप भरवशाचं आहे का ते तपासणं), प्रवासाची तयारी आणि आयएटीएफ 16949, म्हणजे गाड्यांच्या उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डचं, इंटर्नल ऑडिटर सर्टिफिकेट हे सगळीकडे दिसत होतं. सर्टिफिकेट सोडून बाकी सगळं मी हाताने केलेलं होतं. ते सर्टिफिकेट स्वतःच्या पैशाने काढलं. कंपनीकडे मागितलं असतं तर ‘आत्ता कशाला हवंय?’ हा प्रश्न आला असता.

रिझ्युमेमध्ये आधी ‘इनकमिंग आणि इनप्रोसेस क्वालिटीची जबाबदारी’ असं लिहिलेलं होतं. त्यातून कोणाला काय कळणार? ते काढून कुठल्या पार्टचं कस्टमरकडचं रिजेक्शन किती पीपीएमवरून (दहा लाख पीसमागे किती खराब) कितीवर आणलं आणि कशामुळे आलं, ते लिहिलं. फोन तेव्हापासून यायला लागले. नोकरी डॉट कॉमवर नोटीस पीरियडचा रकाना रिकामा ठेवू नका, रिक्रूटर त्यावरही गाळणी लावतात. आणि प्रोफाइल पडून राहू देऊ नका, कारण अलीकडे हालचाल असलेले उमेदवारच शोधायची सोय त्यांच्याकडे असते.

डिप्लोमावाल्यांना एक अडचण येतेच. जाहिरातीत ‘बीई’ असलं की अर्ज मशिनच गाळतं, माणसाच्या हातात जातच नाही. तिथे ओळख लागते. आमच्याकडे पूर्वी ऑडिटला येणारे एक सर दुसऱ्या कंपनीत गेले होते, त्यांनी माझा रिझ्युमे थेट मॅनेजरला दिला. याला वशिला म्हणणाऱ्यांनी म्हणावं. मुलाखत मीच दिली.

आणि चांगली दिली, सांगायला कसला संकोच! पीपॅपच्या लेव्हल किती? पाच. सांगितलेलं नसेल तर कुठली द्यायची? तिसरी. मग एकाने गेज आरअँडआरचा, म्हणजे मोजायच्या साधनामुळे आणि मोजणाऱ्यामुळे मापात किती फरक पडतो त्याचा, कागद समोर सरकवला, आकडा चोवीस टक्के. ‘पास की फेल?’ मी म्हटलं, दहाच्या आत असता तर प्रश्नच नव्हता आणि तीसच्या वर असता तर गेज बाजूला ठेवला असता. मधल्या आकड्याला मोजमाप कशाचं आहे, किती महत्त्वाचं आहे आणि कस्टमरला चालणार आहे का, हे बघावं लागतं. मग एफएमईए, म्हणजे कुठे काय बिघडू शकतं याचा आधीच केलेला अभ्यास. 2019 च्या हँडबुकपासून आरपीएनच्या, म्हणजे गुणाकार करून काढलेल्या धोक्याच्या आकड्याच्या, जागी अ‍ॅक्शन प्रायॉरिटी (कुठल्या धोक्यावर आधी काम करायचं) आली आहे, हे मी त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं. समोरचा माणूस पहिल्यांदा हसला. या लाइनमध्ये येणाऱ्यांनी नुसते शब्द पाठ करून जाऊ नका, समोर कागद ठेवतात.

ऑफर आली. पगार बरा होता. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की ही ऑफर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या अधीन आहे. मी राजीनामा दिला, दोन महिन्यांची नोटीस सुरू झाली, माझ्या जागी मुलगाही निवडला गेला. सांगलीला आईने शेजारीपाजारी पेढे वाटून टाकले.

नोटीस निम्मी संपत आली असताना व्हेरिफिकेशनच्या एजन्सीचा मेल आला: ‘ओव्हरलॅपिंग एम्प्लॉयमेंट’. म्हणजे मी जुलै ते सप्टेंबर 2019 या काळात एकाच वेळी दोन कंपन्यांत नोकरीला होते, असं पीएफचं रेकॉर्ड सांगत होतं. भोसरीच्या कंपनीने माझी सोडल्याची तारीख 30 जूनऐवजी 30 सप्टेंबर टाकली होती. का? तर त्यांनी माझा हिशोब सप्टेंबरमध्ये केला म्हणून! चिंचवडची कंपनी असलं काही तपासण्यातली नव्हती, त्यामुळे इतकी वर्षं कोणाच्या लक्षातही आलं नाही. नव्या कंपनीच्या एचआर मॅडम फोनवर अगदी गोड बोलल्या, ‘रिपोर्ट ग्रीन आला की जॉइनिंगची तारीख कन्फर्म करू.’ ग्रीन आला नाही तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायची हिंमत झाली नाही.

मी आधी पोर्टलवरचा ‘मार्क एग्झिट’ बघितला. शेवटचं कॉन्ट्रिब्युशन जमा होऊन दोन महिने झाले की सोडल्याची तारीख आपली आपण टाकता येते, आधार ओटीपी घालून. पण कंपनीने तारीख टाकलेलीच नसेल तेव्हाच. टाकलेली चुकीची असेल तर जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे पीएफचं रेकॉर्ड दुरुस्त करायचा अर्ज, करावं लागतं. जानेवारी 2025 पासून नियम बराच सैल झालाय. ज्यांचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, 1 ऑक्टोबर 2017 ला किंवा नंतर निघालाय आणि आधारशी जुळलेला आहे, त्यांना तारखा स्वतःच दुरुस्त करता येतात. माझा यूएएन 2016 चा. म्हणजे अर्ज मी करायचा आणि मंजुरी कंपनीने द्यायची. ज्या कंपनीत पाय ठेवायची इच्छा नव्हती, तिच्याच दारात जाणं आलं.

त्या कंपनीत एचआर म्हणजे एकच माणूस. टाइम ऑफिस तोच बघतो, कँटीनची कुपनं तोच वाटतो, सिक्युरिटीची ड्युटी तोच लावतो. मी ऑनलाइन अर्ज करून, त्याची प्रिंट, 2019 ची राजीनाम्याची मेल आणि रिलीव्हिंग लेटर घेऊन सुट्टी टाकून गेले. गेटवर रजिस्टरमध्ये ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात काय लिहायचं ते कळेना, ‘वैयक्तिक’ लिहिलं. साहेबांनी कागद उलटसुलट केला.

‘मॅडम, हे जुनं झालं ना. आता कशाला?’

‘तारीख चुकली आहे सर. तुमच्याच लेटरवर 30 जून आहे, बघा.’

‘हो, पण सिस्टीममध्ये जे असतं तेच फायनल असतं.’

सिस्टीममध्ये भरणारा हाच माणूस! मी गप्प बसले, कारण मला सही हवी होती. मग म्हणाले, पीएफचं सगळं कन्सल्टंट बघतो, त्यांच्याकडे जा. कन्सल्टंटचं ऑफिस नाशिक रोडला एका झेरॉक्सच्या दुकानावर. तिथल्या मुलीने लॉगिन उघडून माझा अर्ज मला दाखवला. स्क्रीनवर माझं नाव, जुनी तारीख, नवी तारीख आणि शेजारी अप्रूव्हचं बटण. ‘दाबा ना,’ मी म्हटलं. ‘डीएससी लागते मॅडम, मालकांची.’ डीएससी म्हणजे डिजिटल सही, पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते. डोंगल कंपनीत मालकांच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली मालकांकडे आणि मालक राजकोटला मशिन बघायला. आल्यावर कळलं की त्या सहीची मुदतच संपली आहे, नवी काढायला टाकली आहे. मग नवी आली, तर एचआर साहेब गावच्या यात्रेला.

दरम्यान आई रोज संध्याकाळी विचारायची, ‘जॉइनिंगची तारीख आली का गं?’ आणि चिंचवडच्या कंपनीत माझ्या जागी आलेला मुलगा माझ्याच टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप ठेवून बसायचा.

शेवटी दोन गोष्टी एकदम केल्या. पहिली, पीएफच्या तक्रारीच्या पोर्टलवर, ईपीएफआयजीएमएसवर, तक्रार टाकली. त्यात राग ओतला नाही. अर्ज कुठल्या तारखेला केला, कंपनीकडे पडून आहे, रिलीव्हिंग लेटर जोडलं आहे, एवढंच लिहिलं. ती तक्रार पीएफ ऑफिसला जाते आणि ते कंपनीकडे विचारणा करतात. मला इतके दिवस फोन न उचलणाऱ्या साहेबांचा काही दिवसांनी स्वतःहून फोन आला. ‘अहो मॅडम, तक्रार कशाला केली? आपण घरचीच माणसं.’ घरच्या माणसाला गेटवर ताटकळत ठेवतात काय, हे तोंडावर आलं होतं. ‘तेवढं अप्रूव्ह करा सर,’ एवढंच म्हटलं.

दुसरी गोष्ट जास्त कामाची निघाली, म्हणून नीट सांगते. रेकॉर्ड दुरुस्त व्हायची वाट बघत बसू नका. खरं काय ते दाखवणारे कागद एजन्सीला त्याच दिवशी द्या. मी पीएफचं पासबुक डाउनलोड केलं. त्यात महिन्यावार कॉन्ट्रिब्युशन असतं. भोसरीच्या कंपनीचं शेवटचं कॉन्ट्रिब्युशन जूनच्या पगाराचं होतं, जुलैपासून एक रुपया नाही. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्यांचा शेवटचा पगार जूनचाच, पुढे चिंचवडवाल्यांचा सुरू. सप्टेंबरमध्ये हिशोबाची जी रक्कम आली, तिच्या एंट्रीला मी पिवळी खूण केली आणि शेजारी लिहिलं: फुल अँड फायनल. त्यावर रिलीव्हिंग लेटर, राजीनाम्याची मेल आणि जॉइंट डिक्लेरेशनची पोचपावती. सगळं एका पीडीएफमध्ये, तारखेच्या क्रमाने, पहिल्या पानावर चार ओळींचा खुलासा. कस्टमरला एट-डी पाठवतो तसंच. इतकी वर्षं रात्री जागून भरलेले ते फॉर्म असे कामाला आले!

हे सगळं मी एजन्सीला पाठवलं आणि एचआर मॅडमना सीसीमध्ये ठेवलं. सीसी विसरू नका, एजन्सीचा माणूस आपल्यासाठी कोणाशी भांडणार नाही. रिपोर्ट ग्रीन नाही, अंबर आला, ‘कागदपत्रांवरून खुलासा समाधानकारक’ या शेऱ्यासह. मॅडमनी माझ्याकडून एक हमीपत्र लिहून घेतलं आणि जॉइनिंगची तारीख दिली. मेल वाचून मी वॉशरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि मग आईला फोन केला.

भोसरीच्या कंपनीने अर्ज अप्रूव्ह केला तो मी चाकणला रुजू झाल्यानंतर. मला कोणी कळवलं नाही. पीएफ ट्रान्सफर करायला पोर्टलवर गेले तेव्हा दिसलं, 30 जून.

आता जे मध्ये सांगायचं राहिलं ते. चिंचवड सोडताना शेवटच्या दिवशी मी एचआरच्या टेबलाशी उभी राहून विचारलं की पोर्टलवर कुठली तारीख टाकणार, आणि उत्तर मेलवर घेतलं. ते जरा वैतागले, वैतागू देत. पगाराच्या सगळ्या स्लिपा आणि राजीनामा मंजूर झाल्याची मेल आपल्या स्वतःच्या आयडीवर आधीच घेऊन ठेवा, शेवटच्या संध्याकाळी लॉगिन बंद होतं. रिलीव्हिंग लेटरवरची तारीख हातात पडल्या पडल्या तिथेच वाचा. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर आधीच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा तपशील नव्या कंपनीला द्या, नाहीतर टॅक्स कमी कापला जातो आणि उरलेला रिटर्न भरताना आपल्याला भरावा लागतो. नवी कंपनी यूएएन मागेल तेव्हा जुनाच द्या, दुसरा काढू देऊ नका. पाच वर्षांच्या आत पीएफ काढून घेतला तर त्यावर टॅक्स लागू शकतो, त्यापेक्षा ट्रान्सफर करा.

आणि एमआयडीसीच्या आसपास ‘रजिस्ट्रेशन फी भरा, महिन्याभरात जॉब’ असे बोर्ड असतात, तिथे एक रुपया देऊ नका. खऱ्या कन्सल्टंटला पैसे कंपनी देते. माझ्या रूममेटच्या भावाने भरले. त्याला मुलाखतीचा पत्ता मिळाला, तिथे पेट्रोल पंप होता.