तुझ्याशी तरी बोलतो का गं तो?

सोलापुरात नव्या पेठेत साडी बघताना, हळदीकुंकवाला, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं टाकून बसलेले असताना मला हा प्रश्न विचारला गेलाय. “तुमचे मिस्टर त्या वायरलेसच्या डब्याशी रात्ररात्र बोलतात म्हणे. तुमच्याशी बोलतात का?” ओळख जरा जुनी असली की पुढचा प्रश्न येतो: “असल्या माणसाशी तू जमवलंस तरी कसं?” आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

नवरा हॅम रेडिओवाला आहे. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरी ट्रान्समीटर लावायचा, गच्चीवर तार ताणायची आणि केरळपासून जपानपर्यंत ज्याचा आवाज येईल त्याच्याशी बोलायचं. पैसा मिळत नाही, उलट जातो. अशा माणसाला इंग्रजीत गीक म्हणतात. हा शब्द एके काळी अमेरिकेतल्या जत्रांमध्ये जिवंत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडून दाखवणाऱ्या माणसासाठी वापरायचे, हे वाचल्यापासून मला तो आवडेनासा झालाय. आमच्या गल्लीत ‘किडा’ म्हणतात. तेच बरं.

या किड्याचं चित्र सगळ्यांच्या डोक्यात तयार असतं. चष्मा, इस्त्री नसलेला शर्ट, मुलगी समोर आली की घाम. तिकडच्या सिनेमांतून आलेलं हे चित्र आपण जसंच्या तसं उचललं, पण लग्नाच्या बाजारात त्याचं उलटंच झालं. आपल्याकडे हाच मुलगा निर्व्यसनी, कॉम्प्युटर इंजिनियर, पुण्यात स्वतःचा फ्लॅट. स्थळ म्हणून पहिला नंबर, माणूस म्हणून चेष्टेचा विषय. आणि मुलीशी बोलायला शिकायची त्याला गरजच पडत नाही. बोलणी काका करतात, हा मान हलवतो. आमचा तर इंजिनियरही नाही. अशोक चौकाच्या पुढे त्याचं इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणजे चेष्टा पूर्ण आणि भाव शून्य.

पण तो बोलत नाही, हे साफ खोटं. मी आजवर जितके किडे पाहिले, त्यातला एकही अबोल नाही. विषय त्यांचा असला की दोन तास थांबत नाहीत, आणि समोरचा ऐकतोय की झोपलाय हेही पाहत नाहीत. लाजाळू म्हणून त्यांना जी सूट मिळते, ती मला म्हणूनच खुपते. मी पहिल्यांदा हवेवर आले (म्हणजे रेडिओवर बोलले; आमच्यात असंच म्हणतात), तेव्हा आधी दोन सेकंद शांतता पसरली, मग सगळे एकदमच बोलायला लागले. बाईचा आवाज होता ना. एकाने विचारलं, अँटेना कोणी लावून दिली, भाऊ आहे का घरात? दुसऱ्याने, मी न विचारता, कोॲक्स केबल म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिसऱ्याने निरोप घेताना ‘८८’ म्हटलं.

हे सांगायला हवं. रेडिओवर निरोपाला ‘७३’ म्हणतात, म्हणजे शुभेच्छा. ‘८८’ म्हणजे प्रेम आणि पापे. आयुष्यात पहिल्यांदा, पाच मिनिटांपूर्वी आवाज ऐकलेल्या बाईला. मी तक्रार केली तर एक ज्येष्ठ म्हणाले, “अहो, लाजाळू आहे तो, त्याला बायकांशी बोलायची सवय नाही.” सवय नसलेला माणूस ‘७३’ पण म्हणू शकतो की. आकडाच तर आहे.

भाषाच तशी आहे तिथली. टेलिग्राफच्या काळापासूनची संक्षिप्त रूपं: पुरुष म्हणजे ओएम, ओल्ड मॅन, मग तो एकोणीस वर्षांचा का असेना. बाई म्हणजे वायएल, यंग लेडी, मग ती आजी का असेना. आणि कोणाची बायको म्हणजे एक्सवायएल: माजी तरुणी! लग्न झालं की बाईचं तारुण्य माजी होतं. पुरुष मात्र आधीही म्हातारा, नंतरही म्हाताराच. बायकांनी आपापसातल्या निरोपासाठी ‘३३’ काढला. तो मला फार आवडतो, वापरायची संधी फार मिळत नाही एवढंच.

तर नवरा. तो मला भेटला तेव्हा माझी चाळीस मीटर बँडची तार नीट बसत नव्हती. डायपोल म्हणजे दोन्ही हात पसरल्यासारखी साधारण वीस मीटरची तार. माझी गच्चीवरच्या टाकीपासून शेजारच्यांच्या लिंबाच्या झाडापर्यंत जेमतेम पोचली होती. एसडब्ल्यूआर, म्हणजे तार रेडिओशी किती जुळत नाही त्याचं माप, तीनच्या खाली येईना. म्हणजे पाठवलेली निदान पाव ताकद परत माझ्याच अंगावर. मी हवेवर हे म्हटलं आणि तिघांनी “मी येऊन करून देतो” म्हटलं. एका आवाजाने विचारलं, “टोकं किती कापलीत?” मी सांगितलं. आणि तो थांबला. मी पुढे काही बोलेन म्हणून खरोखरच थांबला. हॅमवर एका वेळी एकालाच बोलता येतं. ‘ओव्हर’ म्हटल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. हा नियम सगळ्यांनाच लागू आहे, पण बाकीचे आपली पाळी कधी येते म्हणून थांबायचे. हा माझं संपायची वाट बघायचा.

त्यानंतरचे आठ महिने आम्ही जे काय केलं ते भर चौकात केलं. हॅम रेडिओवर सांकेतिक भाषेत लपवून बोलायला बंदी आहे, कोणीही ऐकू शकतं. गिरणीच्या चाळीत भिंतीपलीकडे ऐकू जायचं तसं. आणि नियमच असा, की बोलणं तांत्रिक हवं, नाहीतर वैयक्तिक पण बिनमहत्त्वाचं. आमचं सगळं प्रेम कायद्याने बिनमहत्त्वाचं होतं. पाऊस आहे का तिकडे. आहे. किती? आवाज घेतोय तुमचा. एवढंच.

भेट झाली ती कंबर तलावाच्या काठावर. त्याने मोजपट्टीच्या टेपचे तुकडे प्लॅस्टिकच्या पाइपला बांधून यागी, म्हणजे एका दिशेला रोखून धरायची अँटेना केली होती. अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८०० मेगाहर्ट्झवर काही ऐकू येतं का, ते बघायचं होतं. स्थानक क्षितिजावरून येऊन पलीकडे मावळेपर्यंत फार तर दहा मिनिटं मिळतात, म्हणजे आमची पहिली भेटसुद्धा दहा मिनिटांची ठरलेली. मी अँटेना फिरवत होते, तो कानाला सेट लावून उभा. वॉचमन आला: “काय करलालाव बे तुम्ही?” हा शांतपणे म्हणाला, “आकाशवाणी ऐकलालोय.” त्या दिवशी खरखरीशिवाय काहीच आलं नाही. अकराव्या मिनिटाला जायचं कारण होतं, आम्ही गेलो नाही. त्याच्या घरी तेलुगू, माझ्या घरी मराठी, आणि दोघांनाही कानडी शिव्या येतात, एवढं त्या संध्याकाळी कळलं.

आता खरी गंमत सांगते. जनरल परवान्याला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची तारेची लिपी, यावी लागते. तो माझ्याकडे आहे, माझ्या कॉलसाइनमध्ये, म्हणजे हवेवरच्या नावात, व्हीयू टू आहे. नवऱ्याला मोर्स जमला नाही, तो व्हीयू थ्री, रिस्ट्रिक्टेड. आमच्या दोघांतला मोठा किडा मी आहे. घरातला सोल्डरिंग गन माझा, एलईडी बल्बमुळे रेडिओत खरखर येते म्हणून सासूबाईंच्या देवघरातला बल्ब बदलणारी मी. तरी आजवर एकाही माणसाने नवऱ्याला विचारलं नाही, की बाबा, ही तुझ्याशी बोलते का? तू हिच्याशी कसं जमवलंस? किड्याच्या त्या चित्रात बाई असते, नाही असं नाही, पण ती समोर उभी असते, त्याला घाम फुटावा म्हणून. चित्रातला चष्मा तिचा असू शकतो हे सुचतच नाही कोणाला. ‘तू जमवलंस कसं’ या प्रश्नात मी सहनशील बायको आहे. मी सहनशील नाही. चुकीचा कॉलसाइन लिहून घेतला तर मी दोन दिवस बोलत नाही.

मागच्या रविवारी मावशी आली होती. तिला वाटलं आपणही बोलावं. नवरा म्हणाला, परवाना लागतो मावशी, नुसतं ऐका. ती तासभर ऐकत बसली. नागपूरचा एक, बेळगावचा एक, मग कोणीतरी गाडीतून बोलणारा. सिग्नल पाच-नऊ, इकडे ऊन आहे, ओव्हर.

“सगळे बाप्येच आहेत की गं,” ती म्हणाली.

“हो.”

तिने नवऱ्याच्या हातातून माइक काढला आणि माझ्यासमोर ठेवला.