थाळनेरची नात आणि कोरलेल्या भुवया

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज घरात सकाळपासून रडारड. लेकीचं मंगळवारी गॅदरिंग आहे, नाचात पहिल्या रांगेत उभी आहे म्हणून काल संध्याकाळी पार्लरला नेलं होतं, मी जरा फोनवर बोलायला बाहेर आले तेवढ्यात तिथल्या बाईने न विचारता तिच्या भुवया कोरून टाकल्या. बारा वर्षांची पोर हो. दिवसभर केस कपाळावर ओढून बसली. भरीत केलं होतं, सोबत कळण्याची भाकरी, ताटाला हातसुद्धा लावला नाही.

आणि मला सारखी लतादीदींची आठवण येत होती. त्यांच्यासोबत अगदी हेच झालं होतं, आणि वयही एवढंच.

लतादीदी म्हटलं की आपण गाणी काढतो, पण १९४२ ते १९४७ या पाच वर्षांत त्या सिनेमात कामं करत होत्या हे कुणाला सांगितलं तर लोक खोटं समजतात. 'पहिली मंगळागौर', 'माझं बाळ', 'गजाभाऊ', मग हिंदीत 'बडी माँ', 'जीवनयात्रा'. कधी हिरोइनची बहीण, कधी असंच छोटंसं काम. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ २४ एप्रिल १९४२ ला पुण्यात गेले. त्याआधीच सांगलीची फिल्म कंपनी बुडाली होती आणि अंगावर कर्ज होतं. मागे माई, म्हणजे दीदींची आई, आणि पाच लेकरं, सगळ्यात मोठी लता, आणि तिलाच तेरावं चालू होतं. घरोबा होता म्हणून सिनेमावाले मास्टर विनायक यांनी हात दिला आणि पोरगी 'पहिली मंगळागौर'च्या सेटवर उभी राहिली. तिथे कुणीतरी म्हणालं भुवया जाड आहेत, कपाळही जरा लहान दिसतं, झालं, भुवया कातरल्या, पुढचे केसही कापले. पोर घरी येऊन रडली. हे त्यांनीच पुढे सांगितलंय. मेकअप, ते लाइट, आता हसा आता रडा, यातलं काहीच कधी आवडलं नाही असंही त्या सांगायच्या.

मी हे पूर्वी वाचलं तेव्हा नुसती गंमत म्हणून वाचलं होतं. आज लेकीचं तोंड बघितलं आणि पोटात तुटलं. माझ्या पोरीला उद्या वाटलं तर ती नाच सोडून देऊ शकते, मी शाळेत चिठ्ठी देईन, विषय संपला. त्या पोरीला नाही म्हणायची सोयच नव्हती, दुसऱ्या दिवशी परत त्याच लाइटखाली जायचं कारण घरात धाकटी चार भावंडं. म्हणून ते पाच-सहा सिनेमे कुणी किरकोळ कामं म्हणून सोडून दिले की मला पटत नाही. ते घर त्यावर चाललंय.

आणि अभिनय जमत नव्हता असंही नाही! वडिलांच्या नाटक कंपनीचा मुक्काम मनमाडला असताना 'सौभद्र'मधला नारद करणारा नट ऐनवेळी आलाच नाही, तेव्हा आठ-नऊ वर्षांची ही चिमुरडी नारद म्हणून उभी राहिली, समोर अर्जुन म्हणजे खुद्द बाबा, आणि गाण्याला वन्स मोअर घेतला. मी चाळीसगावकडून गाडीने मनमाडला उतरले की प्रत्येक वेळी हे आठवतं. तिथे बाबांसोबतचा खेळ होता, पुढे तीच गोष्ट पोटासाठी करावी लागली.

'बडी माँ' १९४५ चा. हिरोइन नूरजहाँ, स्वतःच गाणारी, तेव्हा पडद्यावर तोंड आणि गळा एकाच माणसाचा असणं काही नवलाचं नव्हतं. लता-आशा दोघी त्यात छोट्या कामात. मग १९४७ ला विनायकराव गेले, त्यांची सिनेमा कंपनी गेली, आणि ही मुलगी माइकमागे गेली ती कायमची. 'महल'ची रेकॉर्ड निघाली १९४९ ला तेव्हा त्यावर गायिकेचं नावच नव्हतं, कामिनी लिहिलेलं, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव. आधी तोंड नको झालेलं, मग नावही नाही. नुसता आवाज, आणि तेवढ्यावर देश वेडा झाला.

आमची आजी रेडिओवर त्यांचं गाणं लागलं की हातातलं निवडणं थांबवायची आणि म्हणायची, "थाळनेरनी नात शे ती, आपलीच पोर शे." माईंचं माहेर थाळनेर, आमच्या शिरपूरपासून जवळच, तापीच्या काठावर. लहानपणी दीदी आजोळी यायच्या, त्यांच्या आजीकडून गरब्याची गाणी शिकल्या. मी सात-आठ वर्षांची असताना आजी मला तिथे घेऊन गेली होती, पडका किल्ला, खाली नदी, मे महिन्याचं ऊन, पाय भाजत होते आणि आजी मात्र एवढी खुशीत की जणू स्वतःच्याच माहेरी आलीये.

संध्याकाळी लेकीला हे सगळं सांगितलं. आधी ऐकतच नव्हती, मग हळूच म्हणाली, "तिच्या भुवया परत आल्या का गं?"

म्हटलं, आल्या की, मोठेपणीचे फोटो बघ. मोबाईलवर दोन-तीन काढून दाखवले. तिने बोटांनी मोठे करून नुसत्या भुवयाच बघितल्या, बराच वेळ. मग उठून अर्धी भाकरी खाल्ली, भरीतही घेतलं. आता झोपलीये. केस अजून कपाळावरच आहेत, पण मंगळवारी नाचणार म्हणाली.