वेस माँटगोमेरीचा अंगठा आणि ऑक्टेव्ह: पावसाळ्यातील रियाजाची नोंद

जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीच्या ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’मधील सोलोचा (एकल वादनाचा) ऑक्टेव्हचा भाग, म्हणजे एकच स्वर दोन सप्तकांत एकाच वेळी वाजवण्याचा भाग, आता संथ लयीत, न अडखळता वाजू लागला आहे. रत्नागिरीच्या दमट हवेत तारा लवकर गंजतात. त्यामुळे वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या फडक्याने पुसणे हा रियाजाचाच भाग झाला आहे, कारण गंजलेल्या तारेवर अंगठा सरकत नाही आणि या शैलीत सारे काही अंगठ्यावरच अवलंबून आहे.

1923 साली इंडियानापोलिसमध्ये जन्मलेल्या वेसने विशीच्या सुमारास गिटारवादक चार्ली ख्रिश्चनची ध्वनिमुद्रणे ऐकली आणि कोणाकडेही न शिकता, ते सोलो कानाने उचलून स्वतःचा हात तयार केला. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्याने पिक (तारा छेडण्याची छोटी पट्टी) सोडून अंगठा धरला, असे सांगतात. आमच्या वाडीतही घरे एकमेकांना लागून आहेत आणि कौलारू छपराखालून आवाज सहज बाहेर जातो, त्यामुळे रात्रीच्या रियाजाला हा मऊ, गोलसर नाद मलाही सोयीचा वाटतो.

जॅझ वादक लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदातून 1950 साली परतल्यावर तो दिवसा कारखान्यात काम करून रात्री क्लबमध्ये वाजवत असे. 1959 साली सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीने त्याच्यासाठी रिव्हरसाइड या ध्वनिमुद्रण कंपनीकडे शब्द टाकला आणि पुढच्याच वर्षी ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार’ ही तबकडी आली. आधी एकेरी स्वर, मग ऑक्टेव्ह आणि शेवटी कॉर्ड (अनेक स्वर एकत्र) अशी त्याच्या सोलोची चढण तिच्यात स्पष्ट ऐकू येते.

ऑक्टेव्हची खरी कसोटी मधल्या तारेवर लागते. सहाव्या आणि चौथ्या तारेवर बोटे दोन पडद्यांच्या अंतराने ठेवली, की पाचवी तार तर्जनीच्या मांसल भागाने हलकेच दाबून मुकी करावी लागते, म्हणजे अंगठा तिन्ही तारांवरून फिरूनही दोनच स्वर उमटतात. चौथ्या-दुसऱ्या आणि तिसऱ्या-पहिल्या जोडीवर तेच अंतर तीन पडद्यांचे होते. धून या जोड्यांवरून पुढे सरकताना पंजा नेमका तिथेच ताणला जातो, म्हणून मी सध्या तेवढाच बदल घोटत आहे.

1964 पासून, व्हर्व्ह या ध्वनिमुद्रण कंपनीत क्रीड टेलरच्या निर्मितीखाली, त्याच्यामागे मोठे वाद्यवृंद आले आणि सोलो आखूड झाले. पियानोवादक विंटन केलीच्या त्रयीसोबतची 1965 ची ‘स्मोकिन ॲट द हाफ नोट’ ही तबकडी मला त्याच्या वादनाचे शिखर वाटते. तरीही 1967 च्या ‘अ डे इन द लाइफ’ या तबकडीला केवळ बाजारू म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही, कारण एकच धून ऑक्टेव्हमध्ये गायल्यासारखी कशी वाजवावी, हे तिथे निवांतपणे ऐकता येते. पुढच्याच वर्षी, 15 जून रोजी, वयाच्या 45 व्या वर्षी त्याचे हृदयविकाराने निधन झाले.

आता तीच लय थोडी वाढवून पाहायची आहे. कॉर्डचा भाग त्यानंतर हाती घेईन.