पाणी किती फुटांवर?

मृग

बंधाऱ्याचे बर्गे निघाले की सांगलीची कृष्णा ओळखू येत नाही. मेअखेरपर्यंत तुंबलेलं, हिरवट, काठाला जलपर्णी धरून बसलेलं पाणी ओसरतं. घाटाच्या तळच्या पायऱ्या उघड्या पडतात, खडक दिसतात, गेल्या वर्षीचे अर्धवट विरघळलेले गणपतीही. बर्गे म्हणजे बंधाऱ्याच्या खांबांमधल्या खाचांत एकावर एक सरकवायच्या फळ्या. पूर्वी त्या लाकडी असत, दोन ओळींत, आणि मधल्या फटीत चिखलमाती ठासलेली. आता पुष्कळ ठिकाणी लोखंडी असतात. पावसाळ्याआधी त्या काढाव्याच लागतात. राहिल्या तर वाहून आलेली झुडपं नि ओंडके तिथं अडकतात, पाणी खांबांमधून जायचं सोडून टोकाला वळसा घालतं आणि काठ खातं.

पहिलं तांबडं पाणी गावातल्या पावसाचं नसतं. ते वाई-महाबळेश्वरकडून येतं. सांगलीला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या कितीतरी पट महाबळेश्वरला एकट्या जुलैत कोसळतो. त्यामुळं वर कडक ऊन आणि पुलाखाली चढतं पाणी हे दृश्य नवख्या माणसाला चमत्कारिक वाटतं. इथल्याला वाटत नाही.

याच दिवसांत पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळताना दिसतात. रात्री पाणवनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. त्यातच पहिल्या सरीबरोबर नाल्यांमधली उन्हाळाभराची घाण नदीत उतरली की मासे मरतात. दुपारी मेलेले दिसले तरी मरण बहुधा पहाटेचंच असतं.

पुनर्वसू (तरणा पाऊस)

"पाणी किती फुटांवर?" आता भाजीवाल्यापासून बँकेच्या खिडकीपर्यंत हाच प्रश्न. फूट म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवरचे. १९२९ सालचा पूल, तेव्हाच्या व्हाइसरॉयच्या नावाचा. ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ वर धोका पातळी. हे आकडे म्हणजे नदीची खोली नव्हे, पट्टीवरच्या शून्यापासूनची उंची.

पट्टी वाचायची एक रीत आहे. वाहतं पाणी खांबावर आदळतं त्या बाजूला ते फुगतं आणि पुढं खळगा पडतो, म्हणून पाणी शांत असेल तिथली रेघ धरायची. मग रेघेच्या वरचा दगड बघायचा. पाण्याच्या लगेच वर ओला पट्टा असेल तर पाणी उतरतंय. पाणी थेट कोरड्या दगडाला भिडलं असेल, कडेला काटक्या-फेसाची रांग हलत असेल, तर चढतंय. पाऊस चालू असताना ही खूण फसवते, सगळंच ओलं असतं. तेव्हा घाटाच्या पायऱ्या मोजाव्यात. उतरत्या काठावर काठी रोवून मोजणाऱ्याची मात्र हटकून चूक होते. पाच फुटाला एक फूट असा उतार असेल, तर पाणी उभं एक फूट चढल्यावर काठावर पाच फूट आत आलेलं दिसतं, आणि "तासात पाच फूट वाढलं" ही बातमी गावभर होते.

हिशेब साधा आहे. तासाला एक इंच म्हणजे दिवसाला दोन फूट. तासाला तीन इंच वेग असेल आणि पट्टी ३० वर असेल, तर ४० गाठायला ४० तास. पण हा वेग शेवटपर्यंत टिकत नाही. पाणी पात्र सोडून मळीच्या, म्हणजे काठच्या गाळाच्या, रानात पसरलं की तेवढंच पाणी आलं तरी इंच कमी वाढतात. लोकांना वाटतं पूर थांबला. थांबलेला नसतो, आडवा झालेला असतो. म्हणूनच उतरतानाही तो जीव खातो.

पुष्य (म्हातारा)

२००५, २०१९ आणि २०२१. तिन्ही महापुरांच्या तारखा पंचांगाशेजारी ठेवल्या तर सगळे म्हातारा आणि आश्लेषा या दोन नक्षत्रांत बसतात, जुलैच्या विशीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. यात गूढ काही नाही. तोवर जमीन पाणी पिऊन तृप्त झालेली असते, धरणं बऱ्यापैकी भरलेली असतात, आणि घाटमाथ्यावरचा जोर ओसरलेला नसतो. तिन्ही एकत्र आले की झालं. २०१९ मध्ये आयर्विनची पट्टी ५७ फुटांच्या वर गेली होती.

या दिवसांत पेपरात पुलांची यादी येते: कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, म्हैसाळ. बरेच जण फक्त आयर्विनचा आकडा बघून पेपर ठेवतात. यादी वरून खाली वाचायची असते, कारण ती नदीच्याच क्रमानं आहे. कराड उतरतंय, भिलवडी चढतंय, तर पुराचा फुगवटा या दोहोंच्या मधे आहे आणि सांगलीला अजून यायचा आहे. भिलवडी स्थिर झाली की सामान पुन्हा खाली आणायचा विचार करायला हरकत नाही. विचारच, आणायची घाई नको.

विसर्गाचे आकडेही तोंडपाठ असतात, पण अर्थ लावताना गडबड होते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिलं की एक टीएमसी (एक अब्ज घनफूट). म्हणजे लाखभर क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला तर साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. त्याच्या पायथा वीजगृहातून सुटणारे २,१०० क्युसेक ऐकून घाबरायचं कारण नाही. सहा वक्र दरवाजे किती फूट उचलले ते विचारायचं. आणि कोयनेचं विजेसाठीचं बाकीचं पाणी पश्चिमेला, कोकणात उतरतं. ते कृष्णेत येतच नाही.

आता सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट. वारणा कृष्णेला मिळते हरिपुरात, संगमेश्वराच्या देवळाजवळ, म्हणजे आयर्विन पुलाच्या खालच्या अंगाला. वारणेवरच्या चांदोली धरणाचं पाणी या पुलाखालून एक थेंबही जात नाही. तरीही वारणा फुगली की आयर्विनची पट्टी चढते. संगमावर दोन पूर भेटले की कृष्णेला पुढं वाट मिळत नाही, ती मागं तुंबते. आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा येते, तिथंही तीच गत. वाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडलं, की भाविक स्नानाला धावतात. सांगलीच्या नदीकाठच्या माणसानं त्या बातमीकडं निचऱ्याची बातमी म्हणूनही बघावं. खाली जागा उरलेली नाही, एवढं ती सांगते.

आश्लेषा

पूर घाटावरून गावात येतो ही समजूत चुकीची. तो नाल्यांतून उलटा येतो. नदी चढली की गावाचं सांडपाणी बाहेर पडायचं थांबतं आणि नदीच नाल्यातून आत चालू लागते. म्हणून सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्ता, दत्तनगर, काकानगर ही नावं दर वेळी आधी ऐकू येतात. नदीपासून घर किती लांब हा प्रश्नच नव्हे. घराचा उंबरा आयर्विनच्या किती फुटांना भिजतो, हे ज्याला ठाऊक आहे तो सुखी. जुन्या घरांच्या भिंतींवर साल घालून रेघा मारलेल्या असतात. रंग काढताना त्या पुसू नयेत.

घरातही पाणी दारातून यायच्या आधी न्हाणीच्या मोरीतून आणि संडासातून येतं. वाळूची छोटी पोती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिथं आधी दाबायची. दाराला बांध घालून मोरी उघडी ठेवली तर बांध पाणी आतच धरून ठेवतो. फ्रीज उचलून टेबलावर ठेवण्याआधी टेबल तरंगणारं तर नाही ना, ते बघावं. हलकं लाकडी टेबल पाण्यात उलटतं आणि फ्रीज आडवा होतो. रिकामा गॅस सिलिंडर हमखास तरंगत जातो, तो गजाला बांधावा. मेन स्विच पाणी अंगणात असतानाच बंद करायचा. मीटरपाशी पाणी आल्यावर त्याला हात लावू नये.

मघा

गाळ ओला असतानाच काढायचा. दोन दिवस ऊन लागलं की तो फरशीला सिमेंटसारखा धरतो आणि मग फावड्यानंही निघत नाही. पाणी उतरत असतानाच, ते घोटाभर उरलं की त्याच पाण्यात खराट्यानं गाळ ढवळत बाहेर लोटावा. निम्मं काम फुकटात होतं. भिंती वरून खाली धुवायच्या. फुगलेली दारं ठोकून बसवायची नाहीत, वाळली की बरीचशी आपोआप जागेवर येतात.

पाण्याची जमिनीखालची टाकी पूर्ण उपसून, घासून, धुवून मग भरायची. पिण्याच्या पाण्याला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १००० लिटरला ५ ग्रॅम, तीही कोरडी टाकायची नाही. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळी ओतायची आणि अर्धा तास थांबायचं. उघड्या पिशवीतली जुनी पावडर वास न येणारी असेल तर ती फक्त चुना आहे.

चित्रा

बर्गे पुन्हा बसतात, पाणी निवळतं. मळीच्या रानातल्या नव्या गाळावर वांगी उभी राहतात. कृष्णाकाठचं वांगं घेताना देठ हिरवा, काटे टोचणारे आणि आकाराच्या मानानं हलकं, एवढं बघावं. जड वांग्यात बिया.

पौष

थंडीत सकाळी काठाच्या चिखलावर मगरी उन्हाला येतात. भिलवडी, औदुंबर, डिग्रजपासून खाली हरिपूरपर्यंत. अनेक जण तिला सुसर म्हणतात. सुसर निराळी, लांब निमुळत्या तोंडाची. इथली आहे ती रुंद तोंडाची मगरच. जबडा उघडा टाकून पडली म्हणजे ती चवताळली असं नाही, अंगाची उष्णता सांभाळण्याची ती पद्धत. जनावर दिसलं नाही तरी चिखलात माग दिसतो: दोन्ही बाजूंना पंजे, मधून शेपटीची नागमोडी रेघ, शेवट पाण्यात. तिथं म्हशी घालू नयेत, धुणं धुऊ नये. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी काठाच्या मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते आणि आसपासच राहते. दोनेक महिन्यांनी, पावसाच्या आगेमागे पिल्लं निघतात. या काळात काठावरची माती उपसणं अंड्यांच्याही जिवावर बेततं आणि उपसणाऱ्याच्याही.

फाल्गुन

मार्केट यार्डात हळदीचे सौदे. हवेतच पिवळेपणा, शिंका वेगळ्या. २०१८ पासून सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, पण सौद्यात मानांकन कोणी बघत नाही, हळकुंड मोडून बघतात. कट्‌कन मोडलं आणि आत सगळीकडं सारखा रंग असला तर माल चांगला. वाकून मोडलं तर ओल आहे. मोडताना पीठ सांडलं तर शिजताना कच्चं राहिलं. गाभा काळपट असेल तर जास्त शिजलं. म्हणूनच गड्डे (मधले जाड कंद) आणि हळकुंडं (त्यांना फुटलेली बोटं) वेगळी शिजवतात. एकत्र घातली तर गड्डा होईतो हळकुंड जळतं. शिजलं की नाही ते काडी टोचून कळतं. मग दहा-पंधरा दिवस ऊन, तेही पातळ थरात. १०० किलो ओल्या हळदीची वाळून साधारण २० ते २५ किलो होते.

वैशाख

हरिपूरची हळद साठवायची पेवं. जमिनीत पंधरा-वीस फूट खोल, तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मडक्यासारखा घेर. इथली माती घट्ट, ओल न उतरणारी, म्हणून हे जमतं. शेजारच्या गावात खणलेलं पेव टिकेलच असं नाही. आतून सारवून, तळाला आणि कडेनं पाचट-चटयांचा थर देऊन हळद ओततात, वर पुन्हा थर, मग दगड आणि माती. आत उरलेला प्राणवायू थोड्याच दिवसांत संपतो आणि किडीला जगता येत नाही. औषध नाही, वीज नाही, वर्षानुवर्षं माल तसाच. २००५ च्या पुरानं यातली बरीच पेवं निकामी केली. एकदा पाणी शिरलेल्या पेवाची भिंत ढासळते आणि ओल जात नाही. पुष्कळ माल आता शीतगृहांत जातो.

उरलेली पेवं उघडताना एक नियम कोणी मोडू नये. किडीला जी हवा मारते, तीच माणसालाही मारते. ती जड असते आणि तळाला बसते, वरून वास येत नाही, काही दिसत नाही. तोंड उघडून कित्येक तास तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. विझला तर कोणी उतरायचं नाही. कंदील टिकला तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि दोराचं टोक वर दोघांच्या हातात. उतरलेला बोलायचा थांबला तर त्याला वर ओढायचं, त्याच्यामागं उडी घ्यायची नाही. पेवात एकाच वेळी दोघं-तिघं दगावतात ते याच उडीमुळं.

कंदील वर आला, ज्योत तशीच. तरी अजून तासभर थांबले आहेत.